आजीच्या गिन्नीवरची बारीक अक्षरं कोणाची?

सूरसागरकाठी

मंडळी, मदत हवी आहे. नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या महिन्यात आईने लॉकर आवरला. आजीच्या माळेतली एकच गिन्नी आता उरली आहे, बाकीच्या आत्यांच्या नि काकांच्या लग्नांत गेल्या. पणजोबा वाईहून गायकवाडी नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासूनच्या सोन्यात शिल्लक राहिलेली ही एवढीच वस्तू. वर डाख देऊन कडी बसवलेली आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं, डावीकडे तोंड, डोक्यावर मुकुटबिकुट काही नाही. दुसऱ्या बाजूला घोडेस्वार राक्षसाला मारतोय, खाली १९१८. लहानपणी मी त्याला खंडोबा समजायचो. आजीनेही कधी दुरुस्त केलं नाही.

कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं आणि खिडकीत बसून पाहिलं. राजाची मान जिथे कापल्यासारखी संपते, तिथे कडेवर दोन अक्षरं आहेत, इंग्रजीत बी आणि एम. मुंगीच्या पायाएवढी. उलट्या बाजूला, वर्षाच्या उजवीकडे, बी आणि पी. शिवाय १९१८ च्या वर जमिनीत एक नुसता 'आय'.

एक चूक माझीच झाली. कडी ढिली होती म्हणून एका सराफाकडे दिली. त्याने न विचारता मशीनवर पॉलिश मारून दिली. 'बघा, कशी नवीन दिसते!' दिसते खरी, पण राजाचा कान गायब झालाय. भुवईही बोथट झाली.

ही अक्षरं टांकसाळीची की माणसांची?

वाचनमात्र

किंमत विचारत नाहीये असा नाण्यांचा पहिला धागा. बसतो इथेच.

राणीछाप

'आय' तेवढा टांकसाळीचा. बाकी चारही अक्षरं माणसांची, आणि दोघेही शिल्पकार.

'आय' म्हणजे इंडिया. पहिल्या महायुद्धात सोनं बोटीने इकडून तिकडे नेणं धोक्याचं झालं, इथे रुपये पाडायला चांदीची टंचाई. म्हणून मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली आणि १९१८ साली तिथेच गिन्न्या पाडल्या. सुमारे १३ लाख. त्याच वर्षी तितक्याच वजनाची १५ रुपयांची मोहरही मुंबईत पाडली. पुढे ती शाखा बंद झाली, त्यामुळे पंचम जॉर्जची 'आय'वाली गिन्नी फक्त १९१८ चीच. वजन करून बघा, ७.९८ ग्रॅम आणि वर तुमची कडी.

बी. एम. म्हणजे बर्ट्रम मॅकेनल. जन्म १८६३, मेलबर्न. बी. पी. म्हणजे बेनेदेत्तो पिस्त्रुची. जन्म १७८३, रोम. तुमचा खंडोबा मूळचा १८१७ चा आहे. इंग्लंडचा तो संत जॉर्ज. दोन्ही बाजूंच्या कारागिरांत ८० वर्षांचं अंतर आहे आणि त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तरी जन्मभर पाठीला पाठ लावून.

सूरसागरकाठी

राणीछाप, साष्टांग नमस्कार. मला वाटलं होतं कोणी तरी टांकसाळीतला कारकून असेल. शिल्पकार नाणी कशाला करेल? तो पुतळे करणार ना? आणि हे लोक शिकतात कुठे?

राणीछाप

मॅकेनलचं सांगतो, कारण त्याचं शिक्षण बऱ्यापैकी माहीत आहे आणि गमतीशीर आहे.

बापही शिल्पकारच, इमारतींवरची सजावट, वेलबुट्टी, मुखवटे करणारा. पोरगा त्याच्याच कारखान्यात माती मळत मोठा झाला. मग मेलबर्नच्या नॅशनल गॅलरीच्या कलाशाळेत काही वर्षं. १८८२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, लंडन. तिथे रॉयल अकादमीच्या शाळेत नाव घातलं, पण मन रमलं नाही. उठला आणि पॅरिसला गेला. पैसे संपल्यावर काय केलं, तर इंग्लंडात कोलपोर्ट नावाच्या चिनीमातीच्या कारखान्यात नोकरी. कपबश्या, फुलदाण्या यांच्या नक्षीचा प्रमुख. मग मेलबर्नच्या संसदभवनावरच्या उठावशिल्पांची स्पर्धा जिंकली म्हणून परत मायदेशी, आणि पुन्हा पॅरिस. १८९३ मध्ये त्याच्या 'सर्सी' या पुतळ्याला तिथल्या सलोंमध्ये, म्हणजे मोठ्या कलाप्रदर्शनात, दाद मिळाली. पुढच्या वर्षी तोच पुतळा लंडनला मांडला, तर चौथऱ्यावरच्या नग्न आकृत्या झाकायला अकादमीने खाली कापड गुंडाळलं!

त्याच माणसाकडून पुढे राजाचं तोंड करून घेतलं, आणि १९२१ मध्ये 'सर'ही केलं.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकचं पदकही त्याचंच. जेमतेम ३३ मिलिमीटर व्यासाचं. आताच्या ताटल्यांपुढे बिल्लाच वाटेल, पण होतं अस्सल सोन्याचं. १९१२ नंतर पदक पूर्ण सोन्याचं राहिलं नाही.

मातीचे हात

धागा आत्ता पाहिला. मी आपल्या फॅकल्टीतली, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागातली, शिल्पकलेची जुनी विद्यार्थिनी. आमच्या आधीच्या पिढ्यांना तिथे शंखो चौधुरींनी शिकवलं, ते स्वतः शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचे विद्यार्थी. तेव्हा आमच्यातला कल सगळा मोठ्या कामाकडे. दगड, ओतकाम, जोडकाम. पदक म्हणजे बक्षीस समारंभात वाटतात ते, असंच आम्हीही समजायचो.

एका सरांनी मात्र आमची मस्ती उतरवली. त्यांनी प्रत्येकाला ताटाएवढी एक पाटी दिली, वर मातीचा सपाट थर, आणि सांगितलं: शेजारी बसलेल्याचा चेहरा करा, एका बाजूने. अट एकच. पाटीपासून सगळ्यात उंच जागा पेन्सिलीच्या जाडीपेक्षा वर जाता कामा नये.

आम्हाला वाटलं, तासाभराचं काम. चार दिवस गेले. मी पहिल्या दिवशी चेहरा चांगला फुगवला, पुरणपोळीसारखा. सर आले, खिडक्या लावून घेतल्या, टेबललॅम्प जमिनीवर ठेवला आणि माझी पाटी त्याच्या उजेडात अशी धरली की प्रकाश पाटीला घासून जावा. गालाची सावली नाकावर पडली आणि नाक दिसेनासंच झालं. कान तर चेहऱ्याला चिकटवलेल्या काजूसारखा. 'आता खरवड,' म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हा कळलं ते असं: उठावात खरी खोली नसतेच, फक्त क्रम असतो. एका बाजूने पाहिलेल्या चेहऱ्यात कान आणि गालाचं हाड आपल्या सर्वांत जवळ, मग जबडा, मग नाकाचा कडेचा भाग, आणि शेवटी मागची जमीन. हा क्रम कुठेही उलटायचा नाही. अंतरं मात्र सगळी दाबायची, आणि तीही सारखी दाबायची नाहीत. डोळ्यापाशी थोडं जास्त ठेवायचं, मानेपाशी कमी. किती ते कुठेच लिहिलेलं नाही, सरकत्या उजेडात बघत बघत खरवडायचं.

म्हणून सूरसागरकाठी, तुमच्या सराफाने कान घालवला याचं मला वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही वाटलं. जे आधी झिजतं तेच सगळ्यात वर असतं. जुनं नाणं कुठे कुठे गुळगुळीत झालंय ते बघितलं की शिल्पकाराने उंची कुठे ठेवली होती तो नकाशाच मिळतो.

बाबाजीपुरा

ताई, जियो! पुरणपोळीवर हसलो, मग घरातल्या दहाच्या नाण्यावरून बोट फिरवून आलो.

एक शंका. ताटाएवढं मॉडेल आणि बोटाच्या पेराएवढं नाणं, मधे काय होतं? मॅकेनल भिंग लावून पोलादावर कोरत बसायचा का?

मातीचे हात

नाही. मॅकेनल आणि पिस्त्रुची यांच्यातला फरक नेमका इथेच आहे.

मॅकेनलच्या काळची रीत सांगते. मातीचं काम झालं की त्यावर प्लास्टर ओतून उलटा साचा घ्यायचा. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि पहिल्याच दिवशी सगळे चुकतात. साचा घट्ट होत आला की हाताला ऊब लागते. मग गंमत. अक्षरं मातीत उठवत बसायचं नाही. उलट्या साच्यात ती खोदायची, आरशात दिसतात तशी. साच्यात खोदलेलं प्रतीत आपोआप वर येतं, कडा कशा चाकूने कापल्यासारख्या. साबणाचं पाणी लावून त्यातून सुलटी प्रत घ्यायची, ती घासायची, पुन्हा उलटी. तीनचार फेऱ्या सहज होतात.

शेवटची प्रत कठीण करून यंत्रावर चढवायची. एका टोकाला बोथट सुई मॉडेलवरून गोल गोल फिरते, दांडीच्या दुसऱ्या टोकाला कापणारी सुई तीच हालचाल कितीतरी पट लहान करून पोलादावर उतरवते. व्हिक्टर जानव्हिए या फ्रेंच माणसाचं १८९९ चं यंत्र यात सगळ्यात गाजलं. त्यातून निघतो तो सुलटा पंच. तो कडक करून मऊ पोलादात दाबला की उलटा ठसा, आणि ठशाने नाणी पाडायची.

दोन बंधनं शिल्पकाराने आधीच पाळायची. कुठेही आत वळलेली खाच ठेवायची नाही, नाही तर धातू ठशात अडकून बसेल. आणि एका बाजूला फार उंच असेल तिथेच दुसऱ्या बाजूलाही फार उंच ठेवायचं नाही, कारण दोन्हीकडे भरायला धातू तेवढाच आहे. नाण्याला एकच ठोका मिळतो. पदकाला चैन असते. ठोका, तापवून मऊ करा, पुन्हा ठोका. म्हणून पदकावरचा उठाव जास्त मांसल दिसतो.

राणीछाप

आणि पिस्त्रुचीची रीत अगदी उलटी. तो मुळात रत्नं आणि शिंपले कोरणारा, रोममधला. पोरवयापासून हातात खडा आणि चाक. प्राचीन म्हणून खपवायचे कॅमिओ, म्हणजे उठावात चित्र कोरलेले खडे, दलाल त्याच्याकडून करून घ्यायचे. १८१५ मध्ये तो लंडनला आला तेव्हा तिथल्या एका बड्या संग्राहकाने मोठ्या कौतुकाने आपल्याकडचा प्राचीन कॅमिओ दाखवला. पिस्त्रुची म्हणाला, हा मीच केलाय, माझी खूण आहे त्यावर. संग्राहकाने शेवटपर्यंत मानलं नाही.

असा माणूस मोठं मॉडेल करून यंत्रावर कशाला जाईल? त्याला बोटाच्या पेराएवढ्या जागेतच विचार करायची सवय. टांकसाळीला त्याचं काम हवं होतं, पण तो परदेशी. मुख्य कोरक्याची जागा काही त्याला दिली नाही, भांडणं मात्र खूप झाली. शेवटी १८२८ मध्ये 'मुख्य पदककार' असं नवं पद काढून समजूत घातली.

वॉटर्लूच्या विजयाचं पदक करायला त्याला १८१९ मध्ये सांगितलं. त्याने ठसे दिले १८४९ मध्ये. तीस वर्षं! ज्या राजांना ते वाटायचं ते तोवर वारले होते, ती लढाई जिंकणारा सेनापती वेलिंग्टन तेवढा उरला होता. वर ठसा इतका मोठा, सुमारे १३ सेंटिमीटर, की कडक करताना तडकेल या भीतीने तो कधी कडकच केला नाही. म्हणजे सोन्याचं पदक पडलंच नाही.

आमच्या ऑफिसातल्या फायली यापेक्षा वेगाने हलतात, हे मी प्रथमच म्हणतोय.

वाचनमात्र

तीस वर्षांत त्याला पगार चालू होता का, हा माझा एकमेव कलाविषयक प्रश्न.

इंदूरी शेव

मी जरा वेगळं बोलणार आहे. हे सगळं कौशल्य मान्य. पण राजाचं मुंडकं करणं ही हुकमी कामगिरी झाली. त्यात कलाकाराचं काय? आमच्या इंदूरजवळ धारला रघुनाथ कृष्ण फडके येऊन राहिले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. त्याच्याकडे बघताना हा माणूस आता बोलेल असं वाटतं. नाण्याकडे बघून कधी तसं वाटलंय का कोणाला?

मातीचे हात

शेवदादा, फडक्यांना माझाही नमस्कार. पण चौपाटीवरचा पुतळाही कोणी तरी सांगूनच झाला ना? हुकूम कुठे नव्हता? शिल्पकार विनायक करमरकरांचं घराणंच अलिबागजवळ सासवण्याला गणपती करणारं. तिथेही भाद्रपदाचा हुकूम. रोथफिल्ड नावाच्या साहेबाने त्या पोराचा हात ओळखून जे. जे.त पाठवलं, आणि त्याच पोराने पुढे पुण्याचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा केला. गणपतीच्या कारखान्यात जे हाताला लागतं तेच मॅकेनलला बापाच्या कारखान्यात लागलं, असं मला वाटतं. शाळा नंतर.

बोलण्याचं म्हणाल तर नाणं बोलत नाही, हे खरं. ते कुजबुजतं, आणि तेही वाकडं धरलं तर.

इंदूरी शेव

ताई, वाक्य छान आहे, मुद्दा मान्य नाही. :)

काळ्या घोड्याखाली

पुतळे आणि नाणी हे वेगळे लोक करायचे हा समज काढायला आपला काळा घोडाच पुरे. त्यावरचे सयाजीराव महाराज फ्रान्सिस डरवेंट वुडचे. हा वुड पहिल्या महायुद्धात लंडनच्या लष्करी इस्पितळात होता. गोळ्यांनी चेहरे गेलेल्या सैनिकांसाठी पातळ पत्र्याचे मुखवटे करून, त्यावर कातडीचा रंग चढवून द्यायचा. चेहरा एका मिलिमीटरच्या पत्र्यातही बसवता येतो हे त्याच्याइतकं कोणाला कळलं असेल? रोज सकाळी त्या चौकात सिग्नलला थांबतो तेव्हा आठवतं.

दादरचा परदेशी

काहीतरी गडबड आहे. काळा घोडा मुंबईचा. त्यावर सातवा एडवर्ड होता. आता राणीच्या बागेत आहे.

काळ्या घोड्याखाली

परदेशीबुवा, आमचा वेगळा. बडोद्याला या, दाखवतो. महाराज अजून घोड्यावरच आहेत, तुमचा मात्र हलवला.

राणीछाप

भांडू नका, मुंबईच्या काळ्या घोड्यातूनही रस्ता गिन्नीवरच येतो. १८७९ चा तो पुतळा जोसेफ एडगर बोएमचा. त्याचा बाप व्हिएन्नाच्या टांकसाळीचा प्रमुख आणि स्वतः पदककार. म्हणजे पोराला हे बाळकडूच. तरी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्याने नाण्यांसाठी जे तोंड केलं त्याची लोकांनी टर उडवली. डोक्यावर इवलासा मुकुट, आता घसरेल की मग असा. वर त्याच वर्षीचं सहा पेन्सचं चांदीचं नाणं अर्ध्या गिन्नीसारखं दिसायचं. लोकांनी त्यावर सोन्याचा मुलामा देऊन बाजारात खपवलं, आणि ते मागे घ्यावं लागलं.

सूरसागरकाठी, आजीच्या माळेतल्या बाकीच्या गिन्न्यांत 'छोट्या मुकुटाची राणी' असेल तर ती बोएमची. आत्यांना विचारा.

सूरसागरकाठी

धाकट्या आत्याला फोन केला. म्हणाली, 'होती की, लहान मुलीची टोपी घातल्यासारखी राणी. ती मोडून तुझ्या आत्तेभावाच्या मुंजीला भिकबाळी केली.' झालं.

मॅकेनलचं काही फसलं होतं का?

राणीछाप

फसलं ना, आणि आपल्याच देशात. १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावर माळ आहे, तिच्यात छोटा हत्ती. सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर दिसलं. बोभाटा झाला. ९० लाखांच्या वर पाडलेल्या रुपयांपैकी सुमारे ७ लाख बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड आली. बाजारात त्याला अजूनही डुक्करछाप म्हणतात.

मातीचे हात

माझा अंदाज सांगू? ताटाएवढ्या मॉडेलवर तो हत्ती हत्तीच असणार. सोंड पोटाच्या इतकी जवळ, की लहान करताना मधली फट बुजली. आमचे सर म्हणायचे, मॉडेल दुर्बिणीच्या उलट्या बाजूने बघ. आम्ही खरंच एक जुनी दुर्बीण उलटी धरून बघायचो. त्यात जे दिसेनासं होई ते दुसऱ्या दिवशी काढून टाकायचो.

एवढ्या नामवंत माणसाला हे सुचलं नसेल असं नाही. घाई असेल, राज्याभिषेकाचं वर्ष.

बाबाजीपुरा

बडोदा संस्थानच्या रुपयाचं काय? आमच्याकडे सयाजीरावांचं तोंड असलेला आहे. मागे 'एक रुपया', संवत आणि तलवार, सगळं देवनागरीत. त्याच्या मानेखाली सही नाही, आत्ताच पाहिलं.

राणीछाप

तो यंत्रावर पाडलेला. त्याआधीचे खंडेराव महाराजांच्या वेळचे हाताने ठोकलेले बघा, निम्मी अक्षरं नाण्याच्या बाहेर. त्यांच्यानंतर आपल्याकडे हे एकदम सफाईदार तोंड आलं.

सूरसागरकाठी

एक प्रयोग केला, ताईंना विचारूनच. गणपतीतला शाडू उरला होता. गिन्नीला साबणाचं पाणी लावून शाडूत दाबली, त्या खड्ड्यात प्लास्टर ओतलं. (भुरभुरवलं. पाण्यात. तरी पहिलं फुकट गेलं.) दुसऱ्यात राजा आला. टेबललॅम्प आडवा ठेवून बघितलं. कानाच्या जागी सपाट पठार, भुवईवर एक उताराची रेघ, पण मिशी आणि जबडा अजून तेज आहेत. बी. एम. सोन्यावर भिंगाने दिसायचं, प्लास्टरवर नुसत्या डोळ्याने दिसतंय, कारण चकाकी नाही.

आई म्हणाली, कडी काढून टाकू या का. मी म्हटलं राहू दे, आजीने घातलेली आहे.

फोटो चढवला आहे. ताई, बघून सांगा.

मातीचे हात

फोटो खालून उजेड देऊन काढलाय, त्यामुळे राजा आत गेल्यासारखा दिसतोय. दिवा वरती डाव्या हाताला ठेवा आणि पुन्हा काढा.